वीस काड्यांचा मासा

आमच्या घरात मी एकटीच रागीट आहे, असं सगळे म्हणतात. असेनही. पण ज्या घरात नवरा कशालाच रागवत नाही आणि नणंद माणसांपेक्षा माशांशी जास्त बोलते, तिथे रागवायचं काम कुणीतरी अंगावर घ्यायलाच हवं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते माझ्याकडे आहे. आता जे सांगणार आहे तेही रागातच सांगणार. शांतपणे ऐकायचं असेल तर आमच्या यांना विचारा, ते दोन वाक्यांत संपवतील.

नणंद म्हणजे यांची थोरली बहीण. मी त्यांना ताई म्हणते. तीस वर्षं त्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. गिऱ्हाइकाला चष्मा दिसतो, तो बसवणारी बाई दिसत नाही, आणि ताईंना ते फार सोयीचं वाटतं. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले.

दुकानातून आल्या की हातपाय धुऊन त्या सरळ मागच्या खोलीत जातात. तिथे लोखंडी मांडणीवर तीन थरांत सव्वीस काचेच्या टाक्या आहेत आणि सव्वीसच्या सव्वीस टाक्यांत रेनबो मासे. बोटाएवढे, फार तर वीतभर. सकाळचा पहिला उजेड पडला की नर अंगावर असे रंग चढवतात की बघत राहावं. माद्या मात्र सगळ्या सारख्याच, करड्या, कुठल्याही तळ्याच्या असोत. सगळी भानगड इथेच आहे. वेगवेगळ्या नदीतळ्यांतले हे मासे एका टाकीत सोडले तर बिनतक्रार एकमेकांशी संसार थाटतात. त्यांना पिल्लं होतात, पिल्लांना पिल्लं होतात, दिसतात झकास, पण ती कुठल्याच तळ्याची नसतात. दुकानात मिळणारे रेनबो बहुतेक असलेच. ताई त्यांना वाईट बोलत नाहीत, फक्त "गाव नसलेले" म्हणतात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्या खोलीत ओल्या फरशीवरून घसरून आपटले. ताई धावत आल्या आणि आधी टाकीला तडा गेलाय का ते बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लागलं का गं?" तेव्हाच मी मनात गाठ मारली की या बाईशी आपलं जमायचं नाही.

दुसऱ्या महिन्यात माझी हिरवी लोकर नाहीशी झाली. घर पालथं घातलं. शेवटी ती सापडली एका टाकीत, कापून, बुचाला बांधून, गोंडा करून पाण्यावर तरंगत सोडलेली. हे मासे म्हणे अंडी घालतात ती अशाच झुपक्यात, रोज थोडी थोडी, आणि प्रत्येक अंड्याला चिकट दोरा असतो. मी भांड भांड भांडले. ताईंनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी दुप्पट लोकर आणून दिली आणि मग समजावून सांगितलं की प्रत्येक टाकीच्या गोंड्याचा रंग वेगळा असतो. एका टाकीतला गोंडा चुकून दुसरीत गेला, त्यात नुसतं एक अंडं चिकटलेलं असलं, तरी पुढच्या सगळ्या पिढ्यांचं वाटोळं. म्हणून या खोलीत कुणी कशाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मला हौस नाही. तरी वर्षभरात त्यांचे गोंडे मीच करायला लागले, कारण त्यांच्या गाठी सुटायच्या आणि मला ते बघवत नसे.

प्रत्येक टाकीवर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी असते: जात, तळं किंवा नदी, साल. बाहेरून मासा आला की तो आधी एका अरुंद काचेच्या खोक्यात घालायचा, इतक्या अरुंद की त्याला वळता येऊ नये, आणि भिंगातून मोजायचा. खवल्यांच्या ओळी, आणि पोटाखालच्या पराच्या काड्या. छत्रीला जशा काड्या असतात तशा माशाच्या पराला असतात, आणि जातीजातीत त्यांचा आकडा वेगळा. मादीचा रंग काही सांगत नाही, पण काड्या सांगतात. त्यामुळे गावातल्या मत्स्यमंडळाचे लोक मासा कुठला हे कळेनासं झालं की आमच्याकडे यायचे. डबे घेऊन, बाटल्या घेऊन, एकदा तर एक जण चहाच्या थर्मासमध्ये मासा घेऊन आला होता. ताई मोजायच्या आणि एकच शब्द सांगायच्या. हो, किंवा नाही. पुढे चर्चा नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं सांगते आहे त्या माशाकडे येते.

बावीस वर्षांपूर्वी एक सर्वेक्षक चष्मा दुरुस्त करायला दुकानात आला होता. डोंगरात रस्त्याची मोजणी करताना एका आडबाजूच्या तळ्यातून त्याने गंमत म्हणून अकरा मासे डब्यात घालून आणले होते आणि आता त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. ताईंनी त्याचा चष्मा फुकट नीट करून दिला आणि डबा आत मागवून घेतला. मासा दिसायला साधा. नरसुद्धा फिकट हिरवट, अंगावर बारीक नारिंगी रेघा, आणि पोटाखालच्या पराला एक अखंड काळा काठ. काड्या एकोणीस किंवा वीस, कधी एकविसावी नाही. मंडळात तो कुणाला नको होता. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं तर मासा लालभडक हवा. ताईंनंतर हा मासा मागून नेला तो एकट्या अध्यक्षांनी, तेही आपल्या संग्रहात एक जात कमी दिसू नये म्हणून.

अध्यक्ष म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. मोठं घर, मोठ्या टाक्या, हसणं तर त्याहून मोठं. चष्मा ताईंच्याच दुकानातून करून घ्यायचे. मला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही, आणि मला पहिल्यापासून न आवडलेली माणसं पुढे चांगली निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडच्या या फिकट माशांमध्ये वाकड्या पाठीची पिल्लं निघायला लागली. अकराच माशांची संतती, रक्त विरळ झालेलं. ताईंनी अध्यक्षांना विचारलं की तुमच्याकडच्या सहा माद्या द्याल का. त्यांच्याकडचे मासे ताईंचेच, पण बारा वर्षं वेगळे वाढलेले, म्हणजे रक्ताला थोडा बदल मिळाला असता. अध्यक्षांनी बदल्यात ताईंच्या निळ्या रेनबोंच्या चार जोड्या मागितल्या आणि सहा माद्या स्वतः पिशवीतून आणून दिल्या. पिशवीवर चिठ्ठी होती. ताईंच्याच अक्षरातली, बारा वर्षांपूर्वी त्यांनीच मासे देताना लावलेली, अध्यक्षांनी जपून ठेवलेली.

ताईंनी आपलं अक्षर वाचलं आणि माद्या फिकट माशांच्या दोन टाक्यांत सोडल्या. मोजल्या नाहीत. जी बाई थर्मासमधला मासाही मोजल्याशिवाय कुणाचा म्हणत नाही, तिने बावीस वर्षांत एकदाच न मोजता मासा आत घेतला, कारण चिठ्ठी तिचीच होती.

गेल्या वर्षी मंडळाच्या पत्रकात बातमी आली. त्या डोंगरातल्या तळ्यात कुणीतरी खायचे मोठे मासे सोडले होते, आणि आता जाळी टाकटाकून बघितलं तरी आमचा फिकट मासा एकही सापडत नव्हता. म्हणजे जगात तो उरला तो फक्त दोन घरांत. एका संशोधन संस्थेने ठरवलं की या दोन घरांतून चाळीस मासे न्यायचे, वाढवायचे, आणि तळं साफ झालं की परत सोडायचे. संस्थेच्या बाई महिन्याभराने बघायला येणार होत्या.

मी ताईंना तेव्हा पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. सूर काही धड नव्हता, पण गुणगुणत होत्या. संस्थेला द्यायचे मासे निवडायला म्हणून त्या रोज सकाळी लवकर उठून दोन्ही टाक्यांसमोर स्टूल टाकून बसायच्या. पाचव्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. टाकीत एक तरणा नर रंगात आला होता आणि त्याच्या पोटाखालच्या पराला लाल झाक होती. अगदी पुसट. मला दाखवली म्हणून दिसली.

त्या दिवशी ताई दुकानात गेल्या नाहीत. दोन्ही टाक्यांतले सगळे मासे त्यांनी एकेक करून खोक्यात घालून मोजले. एकवीस. बावीस. तेवीस. जिथे एकोणीस होत्या तिथे काठ तुटलेला. संध्याकाळपर्यंत एकच मासा उरला ज्याच्यात काही खोट निघाली नाही. कोपऱ्यातल्या छोट्या टाकीतला म्हातारा नर. एका डोळ्याने आंधळा, बाकीचे चावायचे म्हणून कधीचा वेगळा ठेवलेला, सात वर्षांचा. त्या सहा माद्या यायच्या आधी तो जन्मला होता. त्याच्या वयाचे बाकी सगळे मरून गेले होते.

"याला एक मादी मिळाली," ताई म्हणाल्या, "एकच खरी मादी, तर सगळं परत सुरू करता येईल."

मला तेव्हा मादीचं काही सुचत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अध्यक्षांनी फिकट मासा लालभडक जातीशी मिसळून बक्षिसं मिळवली, आणि त्या उद्योगातल्या उरलेल्या माद्या आमच्या गळ्यात मारून वर चार जोड्या निळे रेनबो नेले, हे स्पष्ट होतं. मी म्हटलं, चला, आत्ता जाऊ. ताई म्हणाल्या, तो परवा चष्म्यासाठी येणारच आहे.

परवा मीही दुकानात जाऊन बसले. मालकाला सांगितलं, माझी नजर तपासायची आहे. अध्यक्ष आले, आरशात तोंड बघत नवी फ्रेम लावून बघायला लागले, आणि ताई तीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या खोलीतून बाहेर येऊन काउंटरशी उभ्या राहिल्या. त्यांनी ती जुनी चिठ्ठी काचेवर ठेवली आणि विचारलं, त्या माद्या कुठल्या टाकीतल्या होत्या.

अध्यक्ष हसले. हसत हसत त्यांनी कबूलही केलं. पिशवी भरताना गडबड झाली असेल, लाल नरांच्या टाकीतल्या असतील. पण त्यात एवढं काय? "ताई, दोन काड्या जास्त निघाल्या म्हणून काय आभाळ कोसळलं का? संस्थेची बाई काही भिंग घेऊन येणार नाहीये. ती चिठ्ठी बघणार आणि मासे नेणार. तुम्ही गप्प बसा, मीही गप्प बसतो."

ताईंनी त्यांच्या गप्प बसण्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमची मूळ टाकी? ती तरी वेगळी आहे?"

"मूळ टाकी अगदी वेगळी. मी काय वेडा आहे का?"

"मग मला त्यातली एक मादी द्या."

सध्या त्या टाकीत औषध चालू आहे, असं अध्यक्ष म्हणाले. पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात घराला रंग लावायचं काम निघालं. त्यापुढच्या आठवड्यात ते फोनच उचलेनात. मी ताईंना सांगितलं की या माणसाची मूळ टाकी वगैरे सगळ्या थापा आहेत, असती तर त्याने मिरवत आणून दाखवली असती. त्या म्हणाल्या, खोटारडा माणूस सगळंच खोटं बोलतो असं थोडंच आहे.

संस्थेच्या बाई यायच्या आदल्या दिवशी मी माझ्या स्वभावाविरुद्ध गोडीगुलाबीने बोलले. म्हटलं, ताई, गप्प बसा. तुमची काही चूक नाही. तो नालायक नामानिराळा राहणार आणि तुम्ही कशाला आपल्या तोंडाला काळं फासून घेता? दुसऱ्या दिवशी बाई आल्या, वही उघडली, आणि ताईंनी त्यांना सरळ सांगितलं की या दोन टाक्यांतले मासे मिश्र आहेत, ते नेऊ नका. माद्या न मोजता घेतल्या ही माझी चूक. एक नर खरा आहे, तो म्हातारा आहे. दुसऱ्या घरून मासे आणाल तेव्हा तेही मोजा. मोजायला मी येते.

बाई तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी वहीत आमच्या पत्त्यासमोर लिहिलं: मिश्र, अविश्वसनीय. मी खांद्यावरून वाचलं. मग त्या अध्यक्षांकडे गेल्या. तिथे त्यांना नक्षीदार कपातून कॉफी मिळाली, शिक्का मारलेला दाखला मिळाला, आणि मोजायची गरज नाही कारण इथे चूक झालेलीच नाही असं आश्वासन मिळालं. चाळीस मासे संस्थेत गेले. मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो आला, हातात पिशवी, खाली लिहिलेलं की एका जातीला वाचवणारे हात. चष्मा ताईंनी बसवलेला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले नसते, पण मंडळाने पुढे ठरावही केला. ज्या सभासदाच्या टाकीत जात मिसळली त्याने इतरांचे मासे ओळखायचं काम करू नये. ज्याने सांगितलं त्याला शिक्षा, ज्याने केलं त्याला फोटो. चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्या सभेत उभी राहून जे बोलायचं ते बोलले. मी सभासद नाही, मला बोलायचा हक्क नाही, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, मला हक्क नाही आणि तुम्हाला लाज नाही, म्हणजे फिटंफाट. आमचे हे माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले. ताई मागून आल्या आणि रस्त्यात एवढंच म्हणाल्या की घरी जाऊन म्हाताऱ्याला खायला घालायचंय.

मग कुणी डबे घेऊन येईनासं झालं. मिश्र माशांचं काय करायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, देऊन टाका कुणाला तरी. ताई म्हणाल्या, दिले की कुणीतरी तळ्याचं नाव लावून पुढे देणार. त्यांनी नर एका टाकीत आणि माद्या दुसऱ्या टाकीत केल्या, गोंडे काढून घेतले, चिठ्ठ्याही काढल्या. रोज दोन वेळा खायला घालायच्या. त्यांचं काय चुकलं, म्हणायच्या. म्हातारा नर मात्र खाणं कमी करत चालला होता. त्याच्यासाठी त्या सुईने बारीक किडे वेगळे करून त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने सोडायच्या.

आठ महिन्यांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. अध्यक्षांच्या माशांची पिल्लं मोठी झाली होती, आणि त्यातल्या नरांचे पर लाल झाले होते. आता बाईंना ते आणलेले चाळीस मासे मोजून हवे होते, आणि मोजता येणारं माणूस कुणाला विचारलं तरी आमचंच नाव सांगत होतं.

मी म्हटलं, अजिबात जायचं नाही. अविश्वसनीय माणसाला बोलावता कशाला म्हणावं. तुमच्या शिक्क्याला मोजायला सांगा. पण फोन ठेवल्यावर बाईंनी अध्यक्षांनाही बोलावलंय असं ताईंनी सांगितलं, आणि माझा विचार बदलला. त्याचं तोंड मला बघायचं होतं. आठ महिने मी त्याच्यासाठी वाक्यं जमवून ठेवली होती, भांडी घासताना, बसच्या रांगेत, सगळीकडे. ताईंनी आपलं काचेचं खोकं रुमालात गुंडाळून घेतलं, भिंग घेतलं, आणि दाराशी थांबून पुन्हा आत गेल्या. म्हाताऱ्याला बघून आल्या असाव्यात. मी काही विचारलं नाही. मी माझ्या वाक्यांत होते.

संस्थेची खोली पांढऱ्या फरशीची, स्वच्छ, आमच्या मागच्या खोलीच्या चौपट. चाळीस मासे एका लांब टाकीत होते. अध्यक्ष भिंतीशी खुर्चीवर बसले होते, आणि ताईंना बघून ते हसले नाहीत. संस्थेचा एक माणूस जाळीने एकेक मासा काढून खोक्यात सोडायचा, ताई भिंग लावून मोजायच्या, बाई लिहून घ्यायच्या. आधी नर घ्या, ताई म्हणाल्या. अठरा नर होते.

तेवीस, नाही. बावीस, नाही. एकवीस, नाही. पहिले अठराही "नाही" मी खडीसाखरेसारखे चघळले. प्रत्येक "नाही" झाला की मी वळून अध्यक्षांकडे बघायची. पाचव्याला ते म्हणाले, नरांमध्ये थोडा फरक पडतोच. दहाव्याला म्हणाले, मोजण्यात चूक होऊ शकते. बाईंनी स्वतः भिंग घेऊन अकरावा मासा मोजला आणि ताईंचाच आकडा आला. त्यानंतर अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो पुसतच राहिले. मला इतकं बरं वाटत होतं की माझी जमवलेली वाक्यं वापरायची आठवणही झाली नाही.

मग माद्या सुरू झाल्या. बावीस माद्या. आता ताईंना वेळ जास्त लागायला लागला. मला वाटलं, दमल्या असतील. एकवीस, नाही. तेवीस, नाही. प्रत्येक मासा दोनदा मोजत होत्या. मी आपली अध्यक्षांकडे बघत होते.

एकतिसाव्या माशाला ताई म्हणाल्या, "वीस."

बाईंनी वर बघितलं. ताई म्हणाल्या, थांबा, पुन्हा मोजते. पुन्हा मोजलं. वीस. मग काठ बघायला त्यांनी भिंग सरकवलं, आणि मी पहिल्यांदाच त्या सकाळी अध्यक्षांचं तोंड सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. तीस वर्षं एका हाताने भिंग धरणाऱ्या ताईंनी आता ते दोन्ही हातांनी धरलं होतं. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या आणि ते आकडे नव्हते.

मला तेव्हा कळलं. मूर्ख मी. आठ महिने एकाच छताखाली राहून मला वाटत होतं की आपण दोघी एकाच कामाला आलो आहोत. मी त्या माणसाला खोटं पाडायला आले होते. ताई त्याला खरं ठरवायला आल्या होत्या. त्याची मूळ टाकी खरंच वेगळी असावी, चाळिसांत एक तरी तिथली निघावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या अध्यक्षांचे पाय धरायलाही तयार झाल्या असत्या. आणि मी मात्र प्रत्येक "नाही"ला मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

"काठ तुटलाय," ताई म्हणाल्या. "मागच्या दोन काड्यांमध्ये. नाही."

बाईंनी लिहिलं. बत्तिसावी मादी खोक्यात आली. आता मी अध्यक्षांकडे बघेना. मी त्या खोक्याकडे बघत होते आणि मला काड्या दिसत नसतानाही मोजत होते. तेहतीस. चौतीस. पस्तिसाव्या मादीचा काठ अखंड होता पण काड्या बावीस. मी मनात म्हटलं, एक. एक दे. कुणाला म्हटलं ते मलाच माहीत नाही. त्या नालायकाला उद्या लोकांनी डोक्यावर घेऊन नाचू दे, त्याचा फोटो दहा वेळा छापू दे, मी तो कापून भिंतीला लावीन, पण एक मादी निघू दे. छत्तीस. सदतीस. अडतिसावी मादी जाळीतून उसळून फरशीवर पडली, आणि तिला उचलायला सगळ्यात आधी ताई खाली बसल्या. मोजली. नाही. एकोणचाळीस. नाही.

टाकीत एकच मासा उरला. तो कोपऱ्यात गेला होता आणि संस्थेच्या माणसाला दोनदा जाळी टाकावी लागली. मादीच होती. बाकीच्यांसारखीच करडी. ताईंनी भिंग पुसलं, लावलं, आणि त्या मोजायला लागल्या. अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. बाईंनी पेन कागदावर टेकवलं.

"बावीस," ताई म्हणाल्या.

बाई थांबून राहिल्या. त्यांच्या तक्त्यात आकड्यापुढे अजून एक रकाना होता, आणि तो भरायला त्यांना शब्द हवा होता. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? ताईंचं भिंग अजून डोळ्यालाच होतं, आणि खोक्यातली मादी काचेला तोंड लावून स्थिर उभी होती. एकोणचाळीस वेळा म्हटलेला शब्द त्यांना चाळिसाव्यांदा म्हणता येईना.

मी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही," मी म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं.